अठराव्या वाढदिवसानंतरचा डॉक्टर



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या पाटीवर नावापुढे एमबीबीएस एवढंच लिहिलेलं होतं. डोंबिवली तेव्हा आजच्यासारखी पसरलेली नव्हती. आजोबांचा दमा, सुनेचा अशक्तपणा आणि नातवाचा गोवर एकाच बाकावर बसून एकाच डॉक्टरांची वाट बघत. आज त्यांच्या दवाखान्याच्या रस्त्यावर मुलांचे डॉक्टर वेगळे, फिजिशियन वेगळे, हृदयाचे वेगळे, मेंदूचे वेगळे. ही प्रगती आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. जुन्या फॅमिली डॉक्टरांच्या आठवणीने उसासे टाकायला मी आलेलो नाही. त्यांच्या काळात थॅलॅसेमिया या रक्तविकाराचं मूल प्राथमिक शाळा संपेपर्यंत जगेल की नाही याची शाश्वती नसे. आज नीट उपचार मिळालेलं तेच मूल तिशी ओलांडतं, नोकरी करतं, लग्न करतं. मला बोलायचंय ते या तिशीबद्दल. आपण मुलं वाचवली, ती मोठी झाली, आणि त्यांना मोठेपणी बघायचं शिक्षण मात्र डॉक्टरांना नीट दिलं नाही. लहानपणी सुरू होऊन जन्मभर सोबत राहणाऱ्या आजारांसाठी दोन्ही वयांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर आपल्या जिल्ह्यात हवा, आणि तो इथेच घडवता येईल, हे मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

सुरुवात घराजवळून करतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. सिंधी समाजात बीटा थॅलॅसेमियाच्या वाहकांचं प्रमाण इतर अनेक समाजांपेक्षा जास्त आढळतं. लोहाणा आणि कच्छी भानुशाली समाजांतही ते जास्त आहे. हा आजार कोणा एका समाजाचा मुळीच नाही, मराठी घरांतही तो आहे. पण कल्याण, उल्हासनगर, ठाणे या पट्ट्यात काम करणाऱ्या डॉक्टरला तो पुस्तकापेक्षा ओपीडीत जास्त भेटतो. तिकडे शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांत सिकल सेल हा रक्तविकार आहे. ठाण्याच्या विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, थॅलॅसेमिया, सिकल सेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी डे केअरची सोय झाली, ती याच गरजेतून.

थॅलॅसेमिया मेजरमध्ये हिमोग्लोबिनची एक साखळी पुरेशी बनत नाही. पहिल्या दोन वर्षांतच मूल पांढरंफटक पडतं, पोट वाढतं, आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. जन्मभर. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ टॉमस कूली यांनी हा आजार वेगळा ओळखून त्याचं वर्णन केलं. पुढे अनेक दशकं त्याचे रुग्ण मुलंच असत, कारण मोठं होईपर्यंत ती जगतच नसत. त्यामुळे तो मुलांच्या डॉक्टरांकडे गेला आणि तिथेच राहिला. जगभर हेच झालं. इटलीत सार्डिनिया बेटावर ज्या अंतोनियो काव यांनी या आजाराविरुद्ध मोठं काम उभं केलं, तेही बालरोगतज्ज्ञच.

आता हिशेब बघा. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. शरीर रोज बाहेर टाकतं ते सुमारे १ मिलिग्रॅम. मोठ्या वजनाच्या रुग्णाला वर्षाला तीसेक पिशव्या लागल्या, तर सहा ग्रॅमहून जास्त लोह आत जातं. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून ते तीन-चार ग्रॅम असतं. हे जादा लोह यकृतात साठतं, पिट्यूटरी ग्रंथीत साठतं, स्वादुपिंडात, थायरॉइडमध्ये आणि हृदयात साठतं. थॅलॅसेमियाचे रुग्ण पूर्वी तरुणपणी दगावत ते बहुतेक हृदय निकामी होऊन. रक्त त्यांना जगवत होतं आणि त्याच रक्तातलं लोह त्यांना मारत होतं.

लोह बाहेर काढायचं पहिलं परिणामकारक औषध डेस्फेरीऑक्झामिन. ते पोटाच्या कातडीखाली सुई टोचून छोट्या पंपाने रात्रभर, आठवड्यातून पाच-सहा रात्री द्यावं लागे. किती घरांना ते परवडलं असेल आणि किती मुलांनी ते सोसलं असेल, याची कल्पना करा. पुढे तोंडाने घ्यायचं डेफेरिप्रोन आलं. याची हकीगत आपण अभिमानाने सांगावी अशी आहे. मुंबईत डॉ. एम. बी. अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या औषधाच्या चाचण्या केल्या, त्यांचे निष्कर्ष १९९२ मध्ये ब्रिटनच्या रक्तविकारांवरील नियतकालिकात छापून आले, आणि या औषधाला जगात पहिली परवानगी भारतात मिळाली. नंतर दिवसातून एकदा घ्यायचं डेफेरासिरॉक्स आलं. पंपाची सुई सुटली, गोळी आली, आणि मुलं मोठी होऊ लागली.

मोठी होऊ लागली म्हणजे नेमकं काय झालं? अशी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. उल्हासनगरची म्हणा, कल्याण पूर्वेची म्हणा. चौदा वर्षांची झाली तरी तिला पाळी येत नाही, उंची थांबली आहे. हे पिट्यूटरीतल्या लोहामुळे. मुलांच्या डॉक्टरांना याची जाण असते, ते हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवतात. अठरा-एकोणीसव्या वर्षी तिच्या रक्तातली साखर वाढू लागते. बाविसाव्या वर्षी धडधडतं. कधी ठोका चुकतो, कधी दम लागतो. पंचविशीत लग्न ठरतं आणि ती विचारते, मला मूल होईल का? मूल होऊ शकतं, पण त्याआधी हृदयातलं लोह एमआरआयवर मोजलं पाहिजे, नवऱ्याची वाहक-चाचणी झाली पाहिजे, लोह काढायची औषधं गर्भारपणात थांबवायचं वेळापत्रक ठरलं पाहिजे. तिशीला हाडं ठिसूळ होतात, पाठ दुखते. जुन्या काळी चढवलेल्या रक्तातून कुणाला हिपॅटायटिस सी झालेला असतो.

यातला प्रत्येक प्रश्न मोठ्या माणसाचा आहे, पण प्रत्येकाचं मूळ लहानपणात आहे. साखर वाढली म्हणून ही मुलगी एखाद्या फिजिशियनकडे गेली, तर तिला वयाने आणि वजनाने होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाचा कागद मिळू शकतो. हिमोग्लोबिन नऊ दिसलं म्हणून कुणी तिला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, तर तो विषप्रयोगच. आणि ती मुलांच्या डॉक्टरांकडेच राहिली, तर छातीत दुखतंय म्हटल्यावर त्या डॉक्टरांना घाम फुटतो, कारण चाळिशीच्या जवळचं हृदय त्यांनी एमबीबीएसनंतर तपासलेलं नसतं. दोघंही आपापल्या जागी हुशार आहेत. दोघांनाही अर्धीच वाट शिकवलेली आहे.

ही अर्धी वाट नेमकी कुठे तुटते, तेही ठरलेलं नाही. अनेक सरकारी आणि पालिका रुग्णालयांत मुलांचा वॉर्ड बारा वर्षांपर्यंतचा असतो. तेरावं लागलं की मूल मेडिसिनच्या वॉर्डात, पन्नाशीच्या दारू पिऊन यकृत गमावलेल्या गृहस्थांच्या शेजारच्या खाटेवर. बालरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना मूल म्हणते ते अठरा वर्षांपर्यंत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही अठरा वर्षांपर्यंतच. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच सुरू झाला. त्याने अंगणवाड्या आणि शाळा धुंडाळून जन्मतः हृदयात छिद्र असलेली किती तरी मुलं शोधली, त्यांच्या शस्त्रक्रिया करवून दिल्या. या कार्यक्रमाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण अठराव्या वाढदिवसाला ते मूल कार्यक्रमाच्या बाहेर पडतं, आणि तिथे त्याचा हात धरायला कुणी उभं नसतं.

या हृदयाच्या मुलांकडे थोडं थांबून बघू. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरला डॉ. हेलन टॉसिग यांच्या कल्पनेवरून डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका निळ्या पडलेल्या बाळावर शस्त्रक्रिया केली. त्या शस्त्रक्रियेचं तंत्र प्रयोगशाळेत बसवलं होतं व्हिव्हियन टॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने. त्यांना त्याचं श्रेय फार उशिरा मिळालं. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, मिनेसोटात त्याच विकाराची पूर्ण दुरुस्ती झाली. आज परळला, सायनला आणि आपल्या ठाण्यातही अशा शस्त्रक्रिया होतात. घरचे पेढे वाटतात, "मुलगा बरा झाला" म्हणतात. तो बरा होतो, पण बहुतेकदा पूर्ण बरा होत नाही. दुरुस्त केलेली फुफ्फुसाकडची झडप वीस-पंचवीस वर्षांत गळू लागते, उजवा कप्पा फुगतो, ठोके बिघडतात. तोवर तो डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडणारा तरुण झालेला असतो. त्याची लहानपणीची फाइल माळ्यावर असते, नाही तर घर बदलताना गेलेली असते. आणि तो ज्यांच्याकडे जातो त्या हृदयरोगतज्ज्ञांची हयात गेलेली असते हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे काढण्यात. जन्मतः वेगळ्या घडणीचं हृदय त्यांनी शिकताना पाहिलेलं असतं, पण हात त्यावर बसलेला नसतो.

अमेरिकेने या प्रश्नाला दोन वाटांनी हात घातला. पहिली वाट जुनी आहे. १९६७ पासून तिथे मेडिसिन आणि बालरोग या दोन्ही शाखांचं एकत्र प्रशिक्षण चार वर्षांत घेता येतं आणि दोन्हींच्या परीक्षा देता येतात. वेगवेगळं केलं तर प्रत्येकी तीन, म्हणजे सहा वर्षं लागली असती. असा डॉक्टर पुढे हृदय, मूत्रपिंड, रक्तविकार अशा शाखेत गेला, तर तिथेही तो मोठ्यांचं आणि मुलांचं प्रशिक्षण एकत्र घेऊ शकतो. सहा वर्षांऐवजी चार-पाच वर्षांत. दुसरी वाट नवी आहे. जन्मतः हृदयदोष घेऊन मोठ्या झालेल्यांसाठी त्यांनी वेगळी उपशाखाच केली. तिची पहिली परीक्षा २०१५ मध्ये झाली. या उपशाखेत मोठ्यांचे हृदयरोगतज्ज्ञ आणि मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ, दोघांनाही प्रवेश आहे. हे मला महत्त्वाचं वाटतं. कुणाची मक्तेदारी ठेवली नाही. दोन्ही बाजूंनी येणाऱ्यांना दोन वर्षं एकत्र बसवलं.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे, आणि ते वाटतं तितकं वाईट नाही. एमडी तीन वर्षांचं, त्यावर उपशाखेचं डीएम तीन वर्षांचं. अमेरिकेत मेडिसिन केलेला डॉक्टर मोठ्यांच्या हृदयाकडे जातो आणि बालरोग केलेला मुलांच्या हृदयाकडे. वाटा पहिल्यापासून वेगळ्या. आपल्याकडे हृदयविकार, मेंदूविकार, मूत्रपिंडविकार, अंतःस्रावी ग्रंथी, रक्तविकार अशा अनेक डीएमना मेडिसिनचा एमडीही जाऊ शकतो आणि बालरोगाचाही. मुलांसाठीची स्वतंत्र डीएम आहेत, पण त्यांच्या जागा देशभर मिळून थोड्या. म्हणजे एकाच वर्गात, एकाच युनिटमध्ये दोन्ही घराण्यांतले विद्यार्थी शेजारी बसतात, आणि त्या विभागाच्या ओपीडीत दोन महिन्यांचं बाळही येतं आणि सत्तरीच्या आजीही येतात. दोन्ही वयांच्या एकत्रित शिक्षणाचा पाया आपल्याकडे नकळत घातलेला आहे. बाहेरच्यांनी जे हेतूने केलं, ते आपल्याकडे गरजेतून, डॉक्टर कमी आणि रुग्ण जास्त म्हणून, होऊन गेलं.

पण पाया घातला म्हणून घर उभं राहत नाही. डीएमला आलेल्या मेडिसिनच्या मुलाला कुणी विचारत नाही, की बाबा, तू शेवटचं तान्हं बाळ कधी हाताळलंस? त्याची तीन वर्षं हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मधुमेह, डेंग्यू यांत गेलेली असतात. बाळाची शीर शोधणं, औषधाचा डोस वजनावर बेतणं, उंची-वजनाचा आलेख वाचणं, लसींचं वेळापत्रक, मूल रडतंय ते भुकेने की दुखण्याने हे ओळखणं, हे सगळं त्याने इंटर्न असताना सोडलेलं असतं. बालरोगातून आलेल्या मुलीचं उलटं. तिला हे सगळं येतं, पण समोरच्या पस्तिशीच्या माणसाला तंबाखूबद्दल, दारूबद्दल, शरीरसंबंधांबद्दल, कर्जाच्या हप्त्यांमुळे उडालेल्या झोपेबद्दल विचारायची तिला सवय नसते. तिची सवय आईशी बोलायची. अशी दृश्यं मी पाहिली आहेत की बावीस वर्षांचा मुलगा खुर्चीत बसलाय आणि डॉक्टर त्याच्या आईला विचारताहेत, "गोळ्या घेतो का वेळेवर?" तो मुलगा खिडकीबाहेर बघत असतो. गोळ्या तो घेत नसतो.

गोळ्या न घेण्याची ही गोष्ट किरकोळ नाही. लहानपणापासून आजारी असलेली मुलं बहुतेकदा औषधं सोडतात ती सोळा ते बावीसच्या दरम्यान. कॉलेज सुरू होतं, आईचं लक्ष कमी होतं, मित्रांसमोर डबीतून गोळी काढायची लाज वाटते. मधुमेहाची मुलं इन्शुलिन टाळतात, फिट येणारी मुलं गोळ्या टाळतात. आणि नेमक्या याच वयात आपली व्यवस्था त्यांचा डॉक्टर बदलते. शरीर बंड करत असतं, मन बंड करत असतं, अशा वेळी दहा वर्षं ओळखणारा माणूस काढून घ्यायचा आणि नव्या ओपीडीच्या रांगेत उभं करायचं. त्या रांगेत केसपेपर कोरा असतो. नवा डॉक्टर विचारतो, "काय होतंय?" जन्मभर आजारासोबत जगणाऱ्याला हे पहिलं वाक्य अपमानासारखं वाटतं, आणि पुष्कळजण पुन्हा येत नाहीत.

कुणी म्हणेल, एवढी सोय आपल्या देशात कुठे होणार? झालेली आहे, आणि मुंबईतच झालेली आहे. परळच्या टाटा रुग्णालयात १९९१ मध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. उपचार संपल्यानंतरचा विभाग. त्या काळी मूल कॅन्सरमधून वाचलं हीच बातमी होती. वाचल्यानंतर पंधरा वर्षांनी त्याच्या हृदयाचं, उंचीचं, मूल होण्याच्या क्षमतेचं, शिक्षणाचं आणि लग्नाचं काय होईल, हा प्रश्न तेव्हा विचारणं मोठ्या दृष्टीचं काम होतं. त्या विभागात मुलं मोठी झाली तरी येत राहिली. डॉक्टरांबरोबर समाजसेवक आणि मानसोपचारतज्ज्ञही बसले. माझ्या मते आपल्या शहरांनी गिरवावा असा कित्ता हाच आहे.

ठाण्याला काय करता येईल, ते नेमकं सांगतो.

कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, त्याला जोडून ठाणे महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ठाण्याला सिव्हिल आहे, त्याच्या जागी मोठं सुपरस्पेशालिटी रुग्णालय बांधायचं काम हाती घेतलं गेलं. कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर, उल्हासनगरला सेंट्रल हॉस्पिटल. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर अठरा लाखांचं आणि कल्याण-डोंबिवली बारा लाखांची होती. तेव्हापासून किती टॉवर उभे राहिले ते तुम्ही बघताच आहात. एवढ्या लोकांनी जन्मभराच्या आजारासाठी दर महिन्याला दादरला उतरून परळ गाठायचं, हे बरोबर नाही. ज्याचं हिमोग्लोबिन सातवर आलंय त्याने गर्दीच्या वेळी डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून बघावं म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

पहिली गोष्ट, आणि तिला जवळजवळ पैसे लागत नाहीत: महिन्यातला एक शनिवार, एक टेबल, त्याच्या एका बाजूला बालरोगाचे डॉक्टर आणि मेडिसिनचे डॉक्टर शेजारी बसलेले. पंधरा ते बावीस वयाचे रुग्ण. थॅलॅसेमिया, सिकल सेल, हिमोफिलिया, जन्मतः हृदयदोष, लहानपणापासूनचा मधुमेह, फिट. दोघांनी मिळून रुग्ण बघायचा. वर्ष-दोन वर्षांत मुलांच्या डॉक्टरांनी हळूहळू मागे सरायचं. प्रत्येक रुग्णाच्या हातात दोन पानांचा गोषवारा द्यायचा: आजार काय, शस्त्रक्रिया कुठली आणि कधी, औषधं कुठली, कुठलं औषध कधीही द्यायचं नाही, रक्तगट, शेवटचे महत्त्वाचे अहवाल. मराठीत एक प्रत, इंग्रजीत एक.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. २०२० च्या नियमांनुसार प्रत्येक एमडी-एमएस विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. या तीन महिन्यांत मेडिसिनच्या रेसिडेंटला काही आठवडे सिव्हिलच्या डे केअरमध्ये मुलांबरोबर बसवा, आणि बालरोगाच्या रेसिडेंटला त्याच डे केअरमधल्या मोठ्या रुग्णांबरोबर. नियम आहे, जागा आहे, रुग्ण आहेत. फक्त वेळापत्रक आखायचं आहे. आणि जे डीएमला जातील त्यांच्यासाठी पहिल्या वर्षात सहा महिन्यांची भरपाई सक्तीची करा: मेडिसिनमधून आलेल्याने मुलांच्या वॉर्डात, बालरोगातून आलेल्याने मोठ्यांच्या. रात्रपाळीसकट. रात्रपाळीशिवाय कुणी काही शिकत नाही.

तिसरी गोष्ट नाशिकची. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ निरनिराळ्या विषयांचे फेलोशिप अभ्यासक्रम चालवतं. लहानपणी सुरू होऊन मोठेपणी टिकणाऱ्या आजारांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम ते कळवा किंवा ठाणे सिव्हिलला देऊ शकेल. दरवर्षी दोनच विद्यार्थी घ्या, एक मेडिसिनचा आणि एक बालरोगाचा. पाच वर्षांत दहा माणसं तयार होतील. ठाणे, कल्याण, उल्हासनगर, भिवंडी, शहापूर एवढ्याला ती पुरतील असं नाही, पण आज जिथे कुणीच नाही तिथे निदान नाव सांगायला माणूस असेल.

यावर माझे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात, हे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. ज्ञान इतकं वाढलंय की एका वयाचा एक अवयव सांभाळताना पुरेवाट होते, आणि तुम्ही दोन्ही वयं मागताय. हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण तो मांडणारी माणसं कष्टाने तिथवर पोचलेली आहेत. पण मी प्रत्येक डॉक्टरला दोन्ही शिकवा म्हणत नाही. ज्याला अपेंडिक्सचं दुखणं आहे त्याला याची गरज नाही. मूठभर आजार असे आहेत की जे वय ओलांडतात. त्या आजारांपुरता डॉक्टरही वय ओलांडणारा हवा. थॅलॅसेमियाच्या रुग्णासाठी असा डॉक्टर म्हणजे अर्धवट डॉक्टर नव्हे. त्याच्यासाठी तोच पूर्ण डॉक्टर.

दुसरा आक्षेप तरुणांचा आहे, आणि तो मला जास्त लागतो. एमबीबीएसची साडेपाच, बाँड, नीटची तयारी, एमडीची तीन, पुन्हा तयारी, डीएमची तीन. तिशी उलटते, घरी लग्नाची घाई असते, शिक्षणकर्ज असतं. त्यात आणखी? म्हणूनच अमेरिकेची चार वर्षांची जोडपदवी आपण जशीच्या तशी आणावी असं मी म्हणत नाही. नवी पदवी काढली की नवी प्रवेशपरीक्षा येते, नवे क्लास येतात. आहे त्याच सहा वर्षांतले नऊ-दहा महिने नीट वापरले तरी पुष्कळ होईल.

थोडं मागे वळून बघू. १८६५ मध्ये कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं, वेळेवर उपचार न मिळाल्यामुळे. त्या दुःखातून त्या समुद्रापार गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या, आणि बाविशी पूर्ण व्हायच्या आत क्षयाने गेल्या. मूल जगवणं हा या भूमीवरचा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर आपण बऱ्याच अंशी मिळवलं आहे. मोठी झालेली ही मुलं त्याचा पुरावा आहेत. सरकारनेही त्यांची दखल घेतली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलॅसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल यांना दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत सिकल सेल संपवायचं ठरवलं आहे आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हाती घेतली आहे. तपासणीत शहापूरच्या पाड्यावरची पंचवीस वर्षांची बाई सापडेल, तिचं दोन वर्षांचं मूलही सापडेल. त्या दोघांना दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळ्या ओपीडीत बोलावणार आहोत का? तिची त्या दिवसाची मजुरी दोनदा बुडेल, आणि दुसऱ्या खेपेला ती येणार नाही. आईला आणि मुलाला एकत्र बघणारा डॉक्टर तिथे पाहिजे.

आता दोन विनंत्या. समोर बसलेल्या पालकांना पहिली. तुमच्या घरात असं मूल असेल, तर त्याच्या अठराव्या वाढदिवसाची वाट बघू नका. पंधराव्या वर्षीच मुलांच्या डॉक्टरांना विचारा, याला पुढे कोण बघणार? गोषवारा लिहून मागा. आणि तपासायच्या खोलीतून दहा मिनिटं बाहेर जाऊन बसा, त्याला एकट्याला बोलू द्या.

दुसरी विनंती मागच्या रांगांतल्या रेसिडेंट डॉक्टरांना. अभ्यासक्रम बदलायला वर्षं लागतील, समित्या बसतील, आणि त्यासाठी आम्ही ज्येष्ठांनी पालिकेचे आणि विद्यापीठाचे उंबरठे झिजवायचे आहेत. ते आम्ही करू. तुम्ही मात्र परवानगीची वाट बघू नका. येत्या शनिवारी आपल्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या विभागात जा, तिथल्या सहकाऱ्याला भेटा, आणि अठराच्या आसपासचा एक रुग्ण दोघं मिळून तपासा.